म्हसोबाच्या वाटेवरची तार

निमदरी, ता. कर्जत, जि. नगर
२० मार्च १९७२

गहिनीनाथ,

आशीर्वाद लिहीत नाही. राग इतका आहे की तो शब्द लिहिला तर खोटा होईल.

दोन महिने झाले. झुंबरला घेऊन नगरच्या दवाखान्यात गेलास, तिथून परस्पर खर्ड्याला तिच्या माहेरी गेलास, आणि थोरल्या बहिणीला दोन ओळी टाकाव्यात असे तुला वाटले नाही. तुझ्या बायकोची दोन बोटे काढली हे मला कुठे कळले, तर पिठाच्या गिरणीवर. दळणाचा डबा डोक्यावर होता आणि बायका माझ्याकडे बघून कुजबुजत होत्या. शेवटी शेजारची दगडाबाई तोंडावर म्हणाली, "मने, तुज्या भावाच्या यंत्रानं हरणं राहिली बाजूला, घरचीच सून जाळली गं!" यंत्र तू केलेस. लॉरीची जुनी कॉइल आणलीस, बारा व्होल्टची बॅटरी आणलीस, बाभळीच्या खुंटांवर बाटल्यांचे गळे बसवून तार ओढलीस. "अक्का, हरणाला नुसता झटका बसंल, मरनार न्हाई," असे तूच ओट्यावर बसून सांगितलेस.

अमावास्येला सकाळी ती किंचाळली तेव्हा मी गोठ्यात होते. मी आधी पंपाच्या खोलीकडे धावले आणि मग तिच्याकडे. असे का केले ते विचारू नकोस, घाबरलेले माणूस कुठेही धावते.

पण तू काय केलेस? कारखान्यातून संध्याकाळी आलास, यंत्र खुंटावरून उपटून गोठ्यात फेकलेस, माझ्याशी एक शब्द न बोलता दवाखान्याची वाट धरलीस. मला विचारायचे होतेस. ओरडायचे होतेस. बाबा असते तर घर डोक्यावर घेतले असते. तुझे हे मुकाट राहणे मला लहानपणापासून सहन होत नाही.

इथे तार मेली आहे हे हरणांना चार दिवसांत कळले. चोवीस झाडांची साल सोलून खाल्ली आहे. काळवीट शिंगे घासतो ते वेगळेच. एकशे साठ मोसंब्या मी चार वर्षे, पंप बंद पडला की डोक्यावर घागरी वाहून, जगवल्या. नवऱ्याने टाकलेल्या बाईला बाबांनी चोळीबांगडीची म्हणून ही दोन एकर दिली, त्याशिवाय माझ्याकडे काय आहे? ये आणि तार नीट करून दे. बायकोजवळ तिची आई आहे.

मनकर्णा


११ एप्रिल १९७२

गहिनीनाथ,

तुझे कार्ड मिळाले. चार ओळी, आणि त्यातली एकही धड नाही.

"झुंबरचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. यंत्राचे पॉइंट चिकटले असणार, चूक माझीच. यापुढे मी कुठल्याच तारेला हात लावणार नाही. अक्का, मला माफ कर."

माझी माफी कसली मागतोस? मी कोण? हात तिचा गेला. आणि पॉइंट चिकटले म्हणजे काय रे? सात वर्षे कारखान्यात वायरमन आहेस. बारा व्होल्टची बॅटरी माणसाची बोटे जाळते का, एवढा साधा विचार तुझ्या डोक्यात येऊ नये? बसून नीट विचार कर. दुसऱ्याने सांगितले ते नंदीबैलासारखे मान हलवून ऐकायचे ही तुझी जुनी खोड आहे.

नोकरी सोडलीस असे मच्छिंद्र कंडक्टर म्हणत होता. खरे आहे का? खरे असेल तर मूर्ख आहेस.

मनकर्णा


१६ जुलै १९७२

गहिनीनाथ,

तीन महिन्यांत तुझे कार्ड नाही. माझे पत्र पोचले हे मला माहीत आहे, कारण खर्ड्याच्या पोस्टमनला मच्छिंद्रने विचारले.

पाऊस नाही. मृग गेला, आर्द्रा गेली, ढग येतात आणि बीडकडे निघून जातात. विहिरीत दोन परस पाणी राहिले आहे, म्हणजे दोन माणसे एकावर एक उभी राहिली तर बुडतील एवढेच. पूर्वी मी रोज विहिरीत वाकून बघत नसे. हल्ली बघते.

माळावर काडी उरली नाही, म्हणून हरणे भर दिवसा येतात. पन्नास तरी असतील. मी डबा बडवते, दगड मारते, ती दहा पावले पळतात आणि वळून माझ्याकडे बघतात. मला त्या डोळ्यांची दया येत नाही, कोणी काहीही म्हणो.

एक गोष्ट लिहायची राहिली होती, ती लिहून टाकते. म्हणजे तुला वाटू नये की अक्का काही लपवते.

तू तार ओढलीस तेव्हा बांधावरच्या म्हसोबासमोर दोन हातांची मोकळी जागा ठेवलीस. मी तेव्हाच भांडले होते. एकशे साठ झाडांना कुंपण आणि मधोमध दार सताड उघडे! पण झुंबर अडून बसली. "देवाची वाट बंद करत न्हाईत, अक्का. दर अवसेला निवद कुठनं न्यायचा?" तू तिच्या बाजूने गेलास. शिकलेला माणूस, पण म्हसोबाचे नाव निघाले की तुझी वायर ढिली. कुंपणात देवासाठी फट ठेवणारी माणसे जगात आपणच असू. हरणांना ती फट चौथ्या दिवशी सापडली. एकामागोमाग एक, देवासमोरून, लग्नाच्या पंगतीला यावे तशी आत आली.

तू सुट्टी संपवून कारखान्यावर गेल्यावर ती फट मी बंद केली. दोन तारा आडव्या ओढल्या. झुंबरला सांगितले नाही, कारण आमचे बोलणे बंद होते. ती बंद वाट तिला नवीन होती, म्हणून तिने हाताने तार बाजूला करायला घेतली. एवढाच माझा दोष. तो मी मान्य करते.

आता तरी उत्तर पाठव.

मनकर्णा


२२ ऑक्टोबर १९७२

गहिनीनाथ,

काल भागूबाई कासारीण आली होती. बांगड्यांचा हारा उतरवायच्या आधीच तिने तोंड उघडले.

"मनाताई, खर्ड्याला गेल्ते. तुमच्या भावजयीला बांगड्या भरल्या. डाव्या हातात भरल्या. उजवा पुढं केला न् मागं घेतला तिनं. बोटं आखडल्यात, बांगडी चढंना. म्हनली, भागूबाई, एकाच हाताचं पैसं घे. मी म्हनलं, बये, तुज्याकडनं मी घेती व्हय?"

मग तिने तुझे सांगितले. गहिनीनाथ, तू दुष्काळी कामावर खडी फोडतोस? रस्त्याच्या कडेला, हातोडा घेऊन? कारखान्याच्या मोटारी ज्याच्या हाताखाली चालायच्या तो माणूस खडी फोडतो! गावात लाईट गेली, लोक बोलवायला आले, तर म्हणालास, "माज्या हातानं मानूस जळतंय, दुसऱ्याला बोलवा." भागूबाईने हे सांगितले आणि मला तिच्या हाऱ्यावर लाथ मारावीशी वाटली. तिचा काय दोष? दोष तुझा. इतके दिवस तू गप्प बसून स्वतःला कोळसा करून घेतलास आणि इथे मला त्याचा धूर खावा लागतो.

झुंबर काय म्हणते, असे मी भागूबाईला विचारले. ती म्हणाली, "ती काय म्हननार? नवऱ्याला जेवाय वाढती डाव्या हातानं. त्यो खाली मान घालून जेवतो."

बांगड्या मीही भरल्या. दोन्ही हातांत. रात्री भाकरी थापताना त्या वाजत होत्या, म्हणून सकाळी दगडावर ठेवून फोडल्या. सवाष्णीने असे करू नये म्हणतात. नवऱ्याने तेरा वर्षांपूर्वी टाकलेली मी, कसली सवाष्ण!

विहिरीत आता एकच परस पाणी आहे.

मनकर्णा


८ नोव्हेंबर १९७२, भाऊबीज

गहिनीनाथ,

पाट मांडला होता. दुपारच्या एसटीपर्यंत वाट पाहिली. मच्छिंद्रने लांबूनच हात हलवला, कोणी उतरले नाही. ताट उचलून ठेवले आणि विहिरीवर गेले.

विहिरीचा तळ दिसतो आहे. तळाशी, मोटारीच्या पाइपाशेजारी, एक काळे वेटोळे पडले आहे. पहिल्यांदा कोणी बघेल त्याला साप वाटेल. तो साप नाही. ती तुझीच वायर आहे, पंपासाठी आणून उरलेली, पंधरा हात. सोळा जानेवारीला सकाळी मी ती पंपाच्या स्टार्टरमधून ओढून काढली, गुंडाळली आणि विहिरीत टाकली. त्यानंतर झुंबरकडे धावले.

आता ऐक. मला अडवू नकोस.

तू गेल्यावर बॅटरी उतरली. झटका बसेनासा झाला. हरणे तारेला नाक लावून आत यायची. कर्जतहून बॅटरी भरून आणायला दोन दिवस गेले असते आणि झाडांना त्याच आठवड्यात कळ्या धरत होत्या. चार वर्षांनी पहिला बहर. तू स्टार्टर उघडून दुरुस्त करताना मी शंभरदा पाहिले होते. तुझे यंत्र सोडवले आणि स्टार्टरच्या पेटीतून पंपाच्या लाईटची सरळ वायर आणून कुंपणाला जोडली. लाकडी फळीवर उभी राहून जोडली, म्हणजे मला कळत होते. अजाणतेपणी केले असे मी म्हणणार नाही.

पहिल्याच दिवशी पहाटे एक हरणी मेली. तारेवर पडलेली होती, जिभेला फेस. गाभण होती. मी करंट बंद केला, तिला ओढत नेऊन ओढ्याकाठी पुरले आणि परत करंट चालू केला. दुसऱ्या दिवशी झुंबर.

तू येण्याआधी तुझे यंत्र मी परत जागेवर बसवले. बॅटरीच्या तारासुद्धा लावल्या, लाल ती लालला. तू आलास, यंत्र पाहिलेस, आणि संपले. मी एक शब्द खोटा बोलले नाही. गप्प बसले. आपले चुलते, श्रीमंत काका, ओट्यावर बसलेले होते. बाबा गेल्यापासून त्यांचे एकच चालू आहे, परत आलेल्या बाईला बाग कशाला. मी जोडले म्हटले असते तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी मला हाकलले असते. तुझे काय, तू पुरुष, तुझी नोकरी, चार दिवस लोक बोलतील आणि विसरतील, असे मला वाटले. तू विसरला नाहीस. तू विसरणारा नाहीस हे मला माहीत असायला हवे होते.

पण तुलाही शरम वाटायला हवी! बारा व्होल्ट! मी एप्रिलमध्ये लिहिले होते, विचार कर म्हणून. एकदा येऊन स्टार्टरची पेटी उघडून बघितली असतीस तर आतला स्क्रू ढिला दिसला असता. तू आलाच नाहीस. स्वतःला गुन्हेगार ठरवायची तुला एवढी घाई होती!

यंत्राने काही केलेले नाही. मी केले.

मनकर्णा


५ डिसेंबर १९७२, कार्तिकी अमावास्या

गहिनीनाथ,

तुझे कार्ड परवा आले. वाचले आणि चुलीत घातले. तरी पाठ झाले आहे.

"अक्का, माझे ओझे हलके करायला तू हे लिहिले आहेस, हे मला कळते. लहानपणीही माझ्या वाटचा मार तू खायचीस. पण यंत्र माझे होते. पॉइंट चिकटले होते. तू उगीच स्वतःवर घेऊ नकोस."

वा रे भाऊ! दहा महिने गप्प राहून खोटे वागले ते तू खरे मानलेस, आणि आयुष्यात एकदा खरे लिहिले तर म्हणतोस अक्काची माया! असल्या मायेला आग लागो. मी मायाळू नाही. मला मायाळू समजणारा जगात तू एकटाच आहेस आणि त्यापायी खडी फोडतो आहेस.

म्हणून आज जे केले ते लिहिते.

महिन्याभरापूर्वीच तुझे यंत्र गोठ्यातून काढले होते. बॅटरी मच्छिंद्रबरोबर कर्जतला पाठवून भरून आणली. तू जोडणी सांगत होतास तेव्हा मी वहीत लिहून घेतले होते, त्याप्रमाणे एकेक तार लावली. टक टक टक सुरू झाले. म्हसोबासमोरच्या दोन तारांना जोडले.

आज सकाळी आठ वाजता दगडाबाईला बोलावून बांधावर उभे केले. तिच्या हातात कोरडी काठी दिली. विहिरीच्या तळाचे गढूळ पाणी दोन बादल्या ओढले, नऊवारीसकट अंगावर घेतले, दहीभाताचे ताट डाव्या हातात घेतले आणि अनवाणी निघाले. झुंबर गेली होती तशीच, ओलेत्याने. तारेजवळ गेले आणि उजव्या हाताने तार धरली.

झटका खांद्यापर्यंत गेला. ताट उडाले, मी चिखलात बसले. दगडाबाई ओरडली, "मने, येड लागलं का काय तुला? मरशील की!"

"म्हनून तर तुला बोलावलं," मी म्हणाले. "मेले तर गहिनीनाथाचं यंत्र खोटं. उटले तर मी खोटी. बघ नीट."

उठले आणि परत धरली. तीन वेळा धरली. मग तुझे ते पॉइंट, टकटक करत उघडमीट होणारे ते दोन पत्रे, बोरूच्या काडीने दाबून धरायला दगडाबाईला सांगितले, चिकटल्यासारखे. टकटक थांबली. तार धरली तर काहीच नाही. पोहऱ्याच्या दोराइतकी ती तार निर्जीव झाली. पॉइंट चिकटले तर यंत्र मुके होते, गहिनीनाथ! शाळेत सातवीपर्यंत गेलेल्या बाईला हे कळते आणि तुला कळत नाही?

मग ओल्या लुगड्यानेच गिरणीवर गेले. बायका होत्या, श्रीमंत काकाही ओट्यावर होते. सगळ्यांसमोर सांगितले की वायर मी जोडली होती. गिरणीवाल्याने पट्टा बंद केला. काका म्हणाले, "मंग आता बाग सोडायची." मी म्हणाले, बघू. झाडे तशीही वाळत चालली आहेत. पण मी सोडणार नाही, भांडेन. बाग वेगळी आणि पाप वेगळे.

एक गोष्ट मात्र मागच्या पत्रात लिहिली नाही. तुझ्यासाठी नाही, झुंबरसाठी लिहिते.

आई गेल्यापासून म्हसोबाचा निवद मी नेत होते. तू लग्न केलेस आणि काका म्हणाले, आता घरात सून हाय, टाकलेल्या बाईचा निवद कशाला. झुंबरने माझ्या हातातून ताट घेतले. तिचा दोष नव्हता, ती अठरा वर्षांची होती. पण दर अमावास्येला ती ओलेत्याने बांधावरून चालायची आणि मी गोठ्यात शेण भरत असायची. त्या दिवशी अमावास्या आहे हे मी विसरले नव्हते. विहिरीवर तिच्या बादलीचा आवाज मी ऐकला. एकदा, दोनदा. "झुंबर, थांब, तारेत करंट हाय," एवढेच ओरडायचे होते. मला वाटले, बंद वाट बघून रडत परत येईल, येऊ दे. हात लावेल असे मला वाटले नाही. पण आवाज मी ऐकला होता.

हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखव. बादलीचे वाक्य गाळू नकोस. मग ती मला शिव्या देवो, पोलिसात जावो, तोंड न बघो. तिचा हक्क आहे. मी माफी मागत नाही, माफी मागितली की समोरच्याला ती द्यावी लागते.

भागूबाई उद्या खर्ड्याकडे निघते आहे. तिच्या हाऱ्यात ती वायर ठेवली आहे, विहिरीत मी स्वतः उतरून काढली. एक टोक स्टार्टरच्या स्क्रूने चेपलेले आहे, दुसरे जळालेले. ते काय आहे हे वायरमनला सांगावे लागत नाही. यंत्रही पाठवते आहे. बॅटरी भरलेली आहे. फेकू नकोस.

म्हसोबाची वाट मी मोकळी केली. दुपारी हरणे तिथून आत आली. पाण्याची चरी चाटून गेली.

आणि आता या पत्राचे अक्षर बघ. तार आज सकाळीच धरली होती. ज्या हाताने धरली त्याच हाताने, पाची बोटांनी, हे सगळे लिहिले आहे.

मनकर्णा